सकाळी साडेआठची नोंद : पाण्याच्या विकास प्रकल्पांत काम करू पाहणाऱ्यांसाठी

पूर आला की सांगली जिल्ह्यात पहिला प्रश्न असतो, ‘आयर्विनला किती?’ सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २००५ च्या पुरात मी आठवीत होते. आमचं गाव कृष्णाकाठचं. वडील तो एक आकडा कानावर पडेपर्यंत जागचे हलत नसत. गुरं कधी सोडायची, धान्य माळ्यावर कधी चढवायचं, आजीला मामांकडे कधी पोचवायचं, सगळं त्या आकड्यावर ठरायचं. तो कोण वाचतं आणि कुठे लिहितं हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. पुढे माझी सगळी नोकरी त्याच प्रश्नाभोवती झाली.

सिव्हिल झालेली, भूगोलात एम.ए. केलेली, कृषी अभियांत्रिकीची बरीच मुलंमुली मला विचारतात, ‘ताई, जागतिक बँकेच्या पाणीप्रकल्पात कसं शिरायचं?’ या प्रश्नामागे एक चित्र असतं: विमानतळ, परिषदा, परदेशी तज्ज्ञ, डॉलरमधला पगार. त्यातलं थोडं खरं आहे. पण शिरण्याआधी आत नेमकं काय चालतं ते माहीत हवं. म्हणून मी ज्या कामात वाढले त्याबद्दलच लिहिते. ते काम म्हणजे जलविज्ञान प्रकल्प.

हा प्रकल्प भारतात १९९५ मध्ये सुरू झाला. पैसा जागतिक बँकेच्या सवलतीच्या कर्जाचा होता आणि तांत्रिक साहाय्य नेदरलँड्स सरकारचं. पहिल्या टप्प्यात नऊ राज्यं होती आणि त्यांत महाराष्ट्र होता. तो २००३ मध्ये संपला. दुसरा टप्पा २००६ ते २०१४ असा चालला, तेव्हा राज्यं तेरा झाली आणि गोवाही आला. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प मंजूर केला. तो देशभरासाठी होता, खर्च सुमारे ३,६८० कोटी रुपये, आणि त्यातला निम्मा वाटा बँकेच्या कर्जातून उभा करायचं ठरलं. राज्यांना मात्र ही रक्कम केंद्राकडून अनुदान म्हणून मिळायची होती, तिचं कर्ज त्यांच्या डोक्यावर बसणार नव्हतं.

या तिन्ही टप्प्यांचं काम धरणं बांधण्याचं किंवा कालवे खोदण्याचं नव्हतं. पैसा गेला तो पाणी मोजण्यावर. पर्जन्यमापक, नदीची पातळी आणि प्रवाह मोजणारी सरितामापन केंद्रं, भूजलाच्या निरीक्षण विहिरी, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा, आकडे साठवणारी माहिती केंद्रं आणि ते वापरणाऱ्या माणसांचं प्रशिक्षण. मी मुलाखतीला जाताना हे वाचलं तेव्हा मनातून खट्टू झाले होते. एवढं कर्ज काढून नुसतं मोजायचं?

त्याचं उत्तर मला कृष्णेच्या पाणीवाटपानं दिलं. न्यायमूर्ती बच्छावत यांच्या लवादानं कृष्णेत ७५ टक्के विश्वासार्हतेनं, म्हणजे शंभरातली पंचाहत्तर वर्षं तरी मिळेल असं, २,०६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी धरलं आणि त्यातलं महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी दिलं. तो २,०६० चा आकडा विजयवाड्यापर्यंतच्या ७८ वर्षांच्या प्रवाहाच्या मालिकेतून निघाला. म्हणजे १८९० च्या दशकात कुणीतरी रोज पातळी लिहून ठेवायला लागलं म्हणून १९७० च्या दशकात तीन राज्यांना मांडायला काहीतरी होतं. ज्या नदीच्या नोंदी नाहीत, तिच्या पाण्यावर ज्याचा आवाज मोठा त्याचा हक्क. हे एकदा कळलं की पर्जन्यमापकासाठी कर्ज का काढायचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

माझी पहिली नेमणूक एका सल्लागार कंपनीमार्फत झाली. पद ‘डेटा सहायक’, मुदत अकरा महिने. पहिले दोन महिने मी जुन्या वह्या संगणकात चढवलेल्या आकड्यांशी ताडून पाहत होते. तिथे मला पहिला धडा मिळाला, आणि तो ‘निरंक’ या शब्दानं दिला. सरकारी कागदावर निरंक म्हणजे काही नाही. पण पावसाच्या वहीत काही नाही म्हणजे काय? पाऊस पडला नाही, की नोंद घेतली नाही? वही भरणाऱ्याला फरक माहीत असतो. आकडे चढवणाऱ्याला नसतो, तो दोन्हीकडे शून्य टाकतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्याजवळच्या एका केंद्रावर जुलै महिन्यात सलग बारा दिवस शून्य पाऊस दिसत होता. आजूबाजूच्या केंद्रांवर रोज साठ-सत्तर मिलिमीटर. मी केंद्र शोधत गेले, तर निरीक्षक आजोबा शांतपणे म्हणाले, ‘बाई, मी तवा दवाखान्यात हुतो.’ त्या बारा दिवसांची जागा रिकामी हवी होती. तिथे शून्य बसले आणि त्या वर्षाचा सरासरी पाऊस खाली आला. ती सरासरी पुढे कुठल्या धरणाच्या हिशेबात गेली असेल कुणास ठाऊक.

दुसरा धडा तारखेचा. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि ती मागच्या चोवीस तासांची बेरीज असते. आज सकाळी मोजलेला पाऊस मुख्यतः कालचा. काही ठिकाणी तो आजच्या तारखेला लिहितात, काही ठिकाणी कालच्या. दोन विभागांचे आकडे एकत्र केले की एक दिवसाची सरक पडते. पावसावरून नदीचं पाणी काढणाऱ्या आमच्या पहिल्या संगणकी मॉडेलमध्ये पाऊस पडायच्या आधीच नदी फुगत होती. तीन आठवडे आम्ही मॉडेलचे गुणांक बदलत बसलो आणि दोष तारखेत निघाला. तेव्हापासून कुठल्याही नव्या आकड्यांच्या फायलीत मी आधी विचारते: ही तारीख मोजल्याची की पडल्याची?

पण खरं शिक्षण नदीवर झालं. वरिष्ठांनी मला एका सरितामापन केंद्रावर पावसाळ्याचे सहा आठवडे पाठवलं. तिथल्या मोजणीदारांना सगळे मामा म्हणायचे. त्यांची नोकरी तीस वर्षांची. पहिल्याच सकाळी मी काठावर उभी राहून मापपट्टी वाचली आणि वहीत लिहायला गेले, तर त्यांनी हात धरला. ‘मॅडम, हितं खाली बसून बगा. उभ्यानं बगितलं की पाणी चुकतंय.’ नजर पाण्याच्या रेषेत आली पाहिजे. लाटा असतील तर वरची आणि खालची अशा दोन्ही वाचून मधली घ्यायची. हे कुठल्याच अभ्यासक्रमात मला कुणी दाखवलं नव्हतं.

पातळी वाचणं सोपं आहे. कठीण आहे तो विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहतंय ते. नदीच्या रुंदीचे भाग पाडतात, प्रत्येक भागाची खोली मोजतात, आणि पृष्ठापासून खोलीच्या सहा दशांश अंतरावर करंट मीटर, म्हणजे प्रवाहाचा वेग मोजणारं यंत्र, धरून वेग घेतात. पाणी खोल असेल तर दोन दशांश आणि आठ दशांश अशा दोन ठिकाणी वेग घेऊन सरासरी काढतात. क्षेत्रफळ गुणिले वेग, सगळ्या भागांची बेरीज. रोज होडी घालून हे शक्य नसतं, म्हणून बऱ्याच मोजण्यांवरून पातळी आणि विसर्ग यांचा एक आलेख बसवतात. त्याला सगळे रेटिंग कर्व्ह म्हणतात. मग रोज नुसती पातळी वाचून विसर्ग काढता येतो.

सगळा धोका या आलेखातच आहे, आणि नव्यांनी इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. मोठ्या पुरात होडी घालता येत नाही, त्यामुळे आलेखाचा वरचा भाग बहुधा अंदाजानं लांबवलेला असतो. नेमका तोच भाग पुराच्या अंदाजाला लागतो. शिवाय प्रत्येक मोठ्या पुरानंतर पात्र बदलतं, कुठे वाळू बसते, कुठे काठ कापला जातो. पावसाळ्याआधी आणि नंतर पात्राचा आडवा छेद पुन्हा घेतला नाही तर आलेख जुन्या नदीचा राहतो. मी यात एकदा चुकले. एका केंद्राची मापपट्टी पुरात वाहून गेली होती आणि नवी बसवताना तिचं शून्य जुन्या पातळीशी जुळलं नव्हतं. वहीत त्याची नोंद नव्हती. मी दोन वर्षांचे विसर्ग जुन्या शून्यावर काढले, अहवाल पाठवला, तो पुढे गेला. दोष सापडला तो मामांमुळे. अहवालातला आलेख बघून ते म्हणाले, ‘एवढं पाणी त्या साली आलंच न्हवतं. देवळाची तिसरी पायरी कोरडी हुती.’ मग आम्ही लेव्हल (उंचीतला फरक मोजणारी दुर्बीण) लावून बेंचमार्कपासून, म्हणजे उंची पक्की माहीत असलेल्या खुणेपासून, पट्टीचं शून्य तपासलं आणि फरक हाती लागला. मी दुरुस्तीचं पत्र लिहिलं, ज्यांना ज्यांना अहवाल गेला होता त्या सगळ्यांना पाठवलं. ते पत्र लिहिताना फार जड गेलं. पण नंतर माझ्या आकड्यांवर लोक भरवसा ठेवू लागले ते त्या पत्रामुळेच, असं मला वाटतं.

आता पैशाच्या बाजूकडे येते, कारण तिथे नवखी माणसं फार गोंधळतात. जागतिक बँक पाकीट घेऊन येत नाही. बहुतेक वेळा खर्च आधी सरकारी तिजोरीतून होतो, हिशेब पाठवला की बँक ती रक्कम देते. म्हणून राज्याच्या अर्थसंकल्पात तरतूद नसेल तर बँकेचं कर्ज मंजूर असूनही काम अडतं. मोठ्या खरेदीच्या निविदेला बँकेची ‘नो ऑब्जेक्शन’ लागते. साधारण दर सहा महिन्यांनी बँकेचं मिशन, म्हणजे पाहणी पथक, येतं, ठिकाणं बघतं, बैठका घेतं आणि जाताना ‘एड-मेमॉयर’ नावाचं टिपण ठेवून जातं. काय झालं, काय राहिलं, कोणी कधीपर्यंत करायचं, सगळं त्यात असतं. कामाला लागलात की पहिल्या आठवड्यात मागची तीन-चार टिपणं मागून वाचा. एखादा मुद्दा चारही टिपणांत तसाच आला असेल तर प्रकल्पाचं खरं दुखणं तिथे आहे. प्रकल्प सुरू होतानाचा मूल्यांकन दस्तऐवज आणि संपल्यावरचा पूर्णत्व अहवाल बँकेच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुले असतात. मुलाखतीला जाण्याआधी हे दोन्ही वाचणारी मुलं मी फार कमी पाहिली.

नोकरीच्या वाटा साधारण तीन. लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन जलसंपदा विभागात अभियंता व्हायचं. भूशास्त्र झालं असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत जायचं. किंवा माझ्यासारखं सल्लागार कंपनीमार्फत प्रकल्प कक्षात. तिसऱ्या वाटेनं लवकर शिरता येतं, पण ती वाट मुदतीची आहे. प्रकल्पाची शेवटची तारीख तीच तुमचीही. मधल्या काळात मी सात महिने घरी होते आणि एकदा चार महिन्यांचं मानधन थकलं होतं. करार सही करण्याआधी ‘टीओआर’, म्हणजे कामाची व्याप्ती सांगणारा कागद, ओळ न ओळ वाचा. मानधन महिन्याला आहे की अहवाल मंजूर झाल्यावर, ते नीट बघा. अहवाल मंजूर करणं तुमच्या हातात नसतं. घरची जबाबदारी असेल तर सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय या वाटेनं जाऊ नका, असं मी माझ्या भावालाही सांगितलं.

परदेशी तज्ज्ञांबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज असतात. मला भेटलेले बहुतेक जण मनापासून शिकवणारे होते. पहिल्या टप्प्यात डच सल्लागारांच्या साहाय्यानं तयार झालेल्या मार्गदर्शक पुस्तिका आजही पाण्याच्या आकड्यांची छाननी कशी करायची हे शिकायला उत्तम आहेत. शेजारच्या केंद्राशी तुलना कशी करायची, संचयी पावसाचे आलेख कसे ताडायचे, सगळं पायरीपायरीनं दिलेलं आहे. दुसऱ्या टप्प्यात कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी पुराचा अंदाज आणि धरणांतून पाणी सोडण्याचा सल्ला देणारी संगणक प्रणाली आली, त्यात डेन्मार्कच्या डीएचआय या संस्थेचा हात होता. खडकवासल्यातून सोडलेलं पाणी दौंडला कधी पोचेल, उजनीत किती येईल, पंढरपूरला काय होईल, याचा हिशेब आधी अनुभवी अभियंत्यांच्या डोक्यात होता. तो प्रणालीत उतरवायला परदेशी गणित लागलं, पण नदीचं वागणं त्या अभियंत्यांनीच सांगितलं. तुम्ही या दोघांच्या मध्ये बसणार आहात. मामांचं ‘तिसरी पायरी कोरडी हुती’ हे तज्ज्ञाला समजेल अशा भाषेत सांगणं आणि तज्ज्ञाचं गणित मामांना पटेल असं सांगणं, हे काम करणारी माणसं फार थोडी आहेत.

माझी खंत मात्र प्रकल्प संपल्यानंतरच्या काळाची आहे. पुलाखाली बसवलेला रडार सेन्सर दर काही मिनिटांनी पातळी पाठवतो, पण त्याला बॅटरी लागते, सिमकार्डाचं बिल भरावं लागतं, पॅनेलवरची धूळ पुसावी लागते, पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यातली पानं काढावी लागतात. खरेदीसाठी कर्ज मिळतं. पान काढणाऱ्या माणसासाठी दरवर्षीची तरतूद राज्यालाच करावी लागते आणि कात्री पहिल्यांदा तिलाच लागते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्याकडच्या दोन केंद्रांचे सेन्सर ऐन वेळी गप्प झाले. एकाची बॅटरी उतरली होती, दुसऱ्याचा देखभाल करार जूनमध्येच संपला होता. त्या रात्री एका केंद्रावर मामा टॉर्च घेऊन दर तासाला पातळी वाचून फोनवर सांगत होते. त्यांच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलं होतं. म्हणून नव्या प्रकल्पाच्या बैठकीत बसायची संधी मिळाली तर एवढं विचारा: कर्ज संपल्यावर हा सेन्सर कोणाच्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कुठल्या खात्यातून, चालणार? नवखे म्हणून गप्प राहू नका. नवख्यानं हा प्रश्न विचारला तर कोणी वाईट वाटून घेत नाही, आणि इतिवृत्तात तो येऊन जातो.

शिकायचं काय? सॉफ्टवेअरची भीती बाळगू नका. नकाशांसाठी क्यूजीआयएस, पावसावरून प्रवाह काढायला हेक-एचएमएस, नदीतल्या पुराची पातळी काढायला हेक-रास, सगळी फुकट मिळतात. पायथन थोडं आलं तर वर्षानुवर्षांचे आकडे तपासणं सोपं होतं. पण ऑटो लेव्हल स्वतः लावता आली पाहिजे, हे मी त्याहून वर ठेवते. पदव्युत्तर शिक्षणासाठी आयआयटी रुरकीचा जलविज्ञान विभाग आहे, त्याच गावात १९७८ पासून राष्ट्रीय जलविज्ञान संस्था आहे. आपल्याकडे खडकवासल्याचं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र १९१६ चं, नाशिकला मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था), छत्रपती संभाजीनगरला १९८० पासून वाल्मी (जल व भूमी व्यवस्थापन संस्था). परदेशी जायचं असेल तर नेदरलँड्समधल्या डेल्फ्टची आयएचई ही संस्था १९५७ पासून जगभरच्या पाणी-अभियंत्यांना शिकवते आहे. तिथे शिष्यवृत्ती मिळवायची तर क्षेत्रावरचा अनुभव आधी लागतो. म्हणून पदवीनंतर लगेच जाण्यापेक्षा दोन पावसाळे काढून जा, असं माझं मत आहे.

प्रबंधासाठी नदी निवडताना एक लक्षात ठेवा. सिंधू, गंगा आणि ब्रह्मपुत्रा खोऱ्यांचे प्रवाहाचे आकडे गोपनीय वर्गात मोडतात, ते मिळायला फार खटपट करावी लागते. कृष्णा, गोदावरी, तापी यांचं तसं नाही. इंडिया-डब्ल्यूआरआयएस या केंद्र सरकारच्या पाणीविषयक संकेतस्थळावर बरंच काही उघडं मिळतं. जे मिळत नाही ते रीतसर अर्ज करून मागा. ओळखीनं पेनड्राइव्हवर घेतलेले आकडे प्रबंधात वापरू नका. ते कुठून आले हे परीक्षकानं विचारलं की तुम्हीही अडकता आणि देणाराही.

मुलींसाठी वेगळं लिहायला हवं, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. बऱ्याच केंद्रांवर स्वच्छतागृह नाही. जवळची अंगणवाडी किंवा मोजणीदारांचं घर पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. मला मामींनी पहिल्या दिवशीच घरी नेलं आणि नंतर सहा आठवडे दुपारचं जेवण त्यांच्याकडेच झालं. होडीत चढताना लाइफ जॅकेट मागायची लाज वाटून घेऊ नका. नसेल तर होडीत चढू नका. मी एकदा चढले होते, पुन्हा चढणार नाही.

यंदाच्या पावसाळ्यात केंद्रावर राहून शिकायचं असेल तर कॉलेजच्या विभागप्रमुखांचं पत्र घेऊन जवळच्या उपविभागीय कार्यालयात अर्ज द्या, आणि तो मे महिन्यातच द्या. जून उजाडला की सगळे पूरनियंत्रण कक्षाच्या तयारीला लागतात, मग अर्ज बघायला कोणाला फुरसत नसते. परवानगी मिळाली की पहिल्या दिवशी आठ वाजता पोचा. रेनकोट, पेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची वही घ्या. पेन पावसात चालत नाही.